एआयने दिलेला राजा

नाही, पण मला एक सांगा, यात माझं काय चुकलं? जो भेटतो तो मलाच ऐकवतो, 'काय जिन्सी टीचर, मारलंत ना शेवटी आमच्या राजाला?' अहो, मी कशाला मारू? जो जन्मालाच आला नाही त्याला मारायचं तरी कसं? पण नाही! बेकरीत जा, तेच. बसमध्ये चढा, तेच. गेल्या रविवारी चर्चमधून बाहेर पडत होते, तर खुद्द फादर कानाशी येऊन म्हणाले की टीचर, काही म्हणा, राजा माणूस मात्र चांगला होता हो... होता? फादर, तुम्ही पण? मी थक्क. तुम्हाला सांगते, या गावात शिकवायला लागल्यापासून मी इतक्यांदा थक्क झालेय ना, की आता माझा चेहराच तसा राहिलाय. कुठल्याही ग्रुप फोटोत बघा, आ वासलेली ती मी.

थांबा, तुम्हाला राजाचं माहीतच नाही. पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव कूरिक्कडव. नदीकाठी. आता कूरी म्हणजे काय, तर तो मिशांचा मासा असतो ना, चिखलात तोंड खुपसून बसणारा, तो. आणि कडव म्हणजे नाव लागते तो धक्का. म्हणजे गावाचं नाव काय, तर मिशाळ माशाचा धक्का! असू दे की. मला तर आवडतं. पण गावाला लाज. का? कारण पलीकडच्या काठावर मेलेक्कुन्न. त्यांच्याकडे किल्ला आहे. किल्ला म्हणजे... तीन दगड. एकावर एक दोन, आणि तिसरा बाजूला पडलेला. पण त्यासमोर सरकारची निळी पाटी आहे ना, संरक्षित स्मारक म्हणून! झालं. त्या पाटीच्या जोरावर मेलेक्कुन्नची माणसं चालतात कशी, बोलतात कशी, मासळी बाजारात कोळंबीचा भाव करतात कशी... आणि फुटबॉलची मॅच असली की त्यांची पोरं आमच्या गोलकीपरच्या मागे उभी राहून म्हणणार, 'कूरी, मिशी दाखव.' ओरडत नाहीत हं. शांतपणे म्हणतात. ते जास्त लागतं. वर्षानुवर्षं आम्ही असे गोल खात आलोय.

तर आमच्याकडे शाळांचा समाजशास्त्र मेळा भरतो, उपजिल्ह्याचा. त्यात एक स्पर्धा असते स्थानिक इतिहासलेखनाची. मुलांनी आपल्या गावाचा इतिहास शोधायचा, लिहायचा, आणि परीक्षकांसमोर बसून उत्तरं द्यायची. पहिला येईल तो जिल्ह्याला जाणार. दरवर्षी पहिला कोण? मेलेक्कुन्न. दगड तेच, मूल नवीन! आणि आमची मुलं काय लिहिणार? मासा?

या वर्षी आमच्याकडून गेली मिन्हा. नववीतली. बेकरीवाल्या कबीरिक्कांची मुलगी. एवढीशी आहे, पण मी फळ्याकडे वळून खडू उचलला की मागून 'टीचर, पण...' सुरू. आणि ती मेळ्याला गेली तेव्हा तिची समाजशास्त्राची टीचर, म्हणजे मी, कुठे होते? प्रशिक्षणाला. कशाच्या? ऐका हं... शाळांमध्ये एआयचा जबाबदार वापर! हसू नका. हसायला पुढे आहे.

मी तर त्या प्रशिक्षणात पार भारावून गेले होते. का नाही जाणार? अहो, आमच्या वर्गात निम्म्या मुलांचे वडील आखातात, आया दिवसभर कामावर, घरी अभ्यासाचं विचारायला कुणी नाही, आणि अशा मुलाला एक मास्तर मिळतोय जो कंटाळत नाही, खेकसत नाही, 'हे गेल्या वर्षी शिकवलंय' म्हणत नाही, आणि मल्याळममध्ये विचारलं तर मल्याळममध्ये समजावून सांगतो... आणि आमच्या स्टाफरूममध्ये चर्चा काय? तर मोबाइल कपाटात ठेवायचे की पिशवीत! मी तिथून तीन शब्द घेऊन आले. विचारा, तपासा, सांगा. एआयला विचारा, बिनधास्त विचारा. ते जे म्हणेल ते तपासा. आणि त्याची मदत कुठे कुठे घेतली ते उघड सांगा. इतकं सोपं! म्हटलं, आता शाळेत जाते आणि सगळं बदलूनच टाकते.

बसमधून उतरते तर शाळेच्या फाटकावर भलामोठा फ्लेक्स. एका बाजूला मिन्हा, हातात करंडक. दुसऱ्या बाजूला एक राजा. खाली लिहिलेलं, 'कूरिक्कडवचे महान अधिपती इळंकोत तंपुरान यांना विस्मृतीतून बाहेर काढणाऱ्या कन्येचं अभिनंदन.' आता तंपुरान म्हणजे राजा, हे मला कळतं. पण कूरिक्कडवला? मी याच नदीत पोहायला शिकले, याच शाळेत गणितात नापास झाले, आणि मला कुणी बोललं नाही की आपल्याला राजा होता?

मी मिन्हाचा निबंध मागून घेतला आणि जिन्यातच बसून वाचला. आणि काय लिहिलं होतं हो... माझ्या अंगावर काटा आला. नदीला महापूर आलाय, अख्खं गाव बुडतंय, आणि हा तरुण राजा स्वतः वल्हं हातात घेऊन नाव घालतोय. एका खेपेला देवळाकडची माणसं, दुसऱ्या खेपेला मशिदीकडची, तिसऱ्या खेपेला चर्चकडची. प्रधान म्हणतो, महाराज, आता तुम्ही चला. राजा म्हणतो, आधी ती शेळी. शेळी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग पूर ओसरल्यावर त्याने नावेवरची पट्टी कायमची माफ केली. आणि मरताना काय म्हणाला? 'माझ्या नावाने एक दगडही उभा करू नका.' म्हणून गावात त्याची काही खूण नाही! बघा, म्हणजे पुरावा का नाही त्याचा खुलासासुद्धा आतच. मी थक्क. हे नववीतल्या मुलीचं नव्हे. हे त्याचं. एआयचं. असं शेळीपर्यंत जाणं... मला नसतं जमलं.

हेडमास्तरांकडे गेले. पौलोस माश, म्हणजे पौलोस मास्तर. त्यांची सवय अशी की कुणी काही बोलायच्या आधीच हात वर करतात, एक मिनिट म्हणतात, आणि ते मिनिट स्वतःच वापरतात. म्हटलं, माश, या राजाचा आधार काय? म्हणाले, 'एक मिनिट. डिजिटल आधार आहे.' परीक्षकांनीही विचारलं होतं म्हणे, तेव्हा मिन्हाने खरं तेच सांगितलं होतं, मोबाइलवर शोधलं म्हणून. त्यावर परीक्षकांतले एक निवृत्त प्राध्यापक चष्मा काढून म्हणाले होते, आम्ही इतिहासवाले कुठे कमी पडतो ते आज कळलं. आणि पहिला नंबर! मेलेक्कुन्न दुसरं! माश म्हणाले, जिन्सी, शाळेचं नाव पहिल्यांदाच पेपरात आलंय, तू आता त्यात मिरची घालू नकोस.

मी घालणारच होते. पण तोवर गावाने स्वागत समिती स्थापन केली होती.

आता आमच्याकडे स्वागत समिती स्थापन करायची सभा हाच मुळात एक समारंभ असतो. तिचं उद्घाटन होतं, तिच्यात स्वागतपर भाषण होतं, शुभेच्छांची भाषणं होतात, आभार होतात. मग उपसमित्या. मंडप उपसमिती, माइक उपसमिती, जेवण उपसमिती, मिरवणूक उपसमिती, आणि या खेपेला नवीन, इतिहास उपसमिती! ठरलं काय, तर नावेच्या धक्क्यावर इळंकोत तंपुरानची कमान उभी करायची. ज्या माणसाने मरताना सांगितलं की दगड उभा करू नका, त्याचीच! हे मी सभेत बोलले. तर माइक उपसमितीवाले म्हणाले, टीचर, दगडाची नाहीच आहे, लोखंडी पाइपची आहे, वरून रंग फक्त दगडासारखा देतोय. झालं समाधान.

आणि एकी बघा! गावात दोन पक्ष, दोघांचे चहाचे ठेलेसुद्धा वेगळे. एकाने म्हटलं, पट्टी माफ करणारा हा आमचा पहिला कॉम्रेड. दुसऱ्याने म्हटलं, सगळ्या धर्मांना नावेत घेणारा हा आमचा. देवस्थान म्हणालं, पहिली खेप आमची. मशीद समिती म्हणाली, पण पूर जास्त आमच्या बाजूला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या सगळ्यांना एका बाकावर केळ्याची भजी खाताना पाहिलं. जे खऱ्या माणसांना जमलं नाही ते या नसलेल्याने करून दाखवलं... आणि तुम्ही मला विचारता थक्क का होते?

चित्राचं तर विचारूच नका. फ्लेक्सवाल्या सुजिलने तेही एआयकडूनच काढून घेतलं. पहिल्यांदा आला तो लग्नाच्या बँडवाल्यासारखा, तुरा लावून. गाव म्हणालं, आमचा राजा मुंडू नेसेल, आपली पांढरी लुंगी. मग मुंडू आला, पण मागे बर्फाचे डोंगर. डोंगर काढले, नाव आणली, तर नाव आली पर्यटकांच्या हाउसबोटीसारखी, आणि तिच्या टपावर एसीचा डबा. तो डबा तसाच राहिला. सुजिल म्हणाला, टीचर, ती राजाची पेटी आहे असं समजा.

आणि मग आठवणी सुरू झाल्या. चात्तुण्णी म्हणून आमच्याकडे एक म्हातारे आहेत, कान गेलेत, पण बोलतात दणकून. ते म्हणाले, माझ्या पणजोबांनी तंपुरानची नाव वल्हवली होती. म्हटलं, पण आप्पा, निबंधात राजा स्वतः वल्हवतो. म्हणाले, 'त्याचा हात दुखायला लागला तेव्हा.' मग कुणाच्या आत्याकडे त्याने दिलेली समई निघाली. कुणी म्हणालं, ती शेळी आमची. राजा गावात येऊन महिनासुद्धा झाला नव्हता, आणि त्याच्या आठवणी नव्वदीतल्या माणसांच्या! एआय एकटं काय बनवणार हो? त्याने नुसता सांगाडा दिला, मांस गावाने चढवलं. मी थक्क.

अशा त्या दिवसांत मी नववीच्या वर्गात माझे तीन शब्द फळ्यावर लिहिले. विचारा, तपासा, सांगा. तावातावाने बोलले. एआय हुशार आहे, पण त्याला जे माहीत नाही तेही ते त्याच गोड आवाजात सांगतं, म्हणून तपासायचं, कुणीही सांगो, तपासायचं! आणि मागून आलंच... 'टीचर, पण...'

मिन्हा उभी होती.

'आधी बक्षीस मिळून गेलं असेल, तरी तपासायचं?'

वर्ग हसला. मी नाही हसले. मी म्हटलं, हो, तरी. म्हणणं सोपं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं.

आणि ती तपासायला लागली. शाळा सुटली की निघायची. देवळात गेली, पुजारी म्हणाले, हो तर, ऐकलंय. मशिदीत गेली, उस्ताद म्हणाले, असेल, लोक म्हणतायत ना. चात्तुण्णींकडे गेली, ते नवीन प्रसंग सांगायला लागले. जिथे जाईल तिथे राजा तिच्या आधीच जाऊन बसलेला! कारण सगळ्यांनी फ्लेक्स वाचले होते. तिचंच लिहिलेलं तिला सगळे पुरावा म्हणून परत देत होते. शेवटी एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात आईचा मोबाइल.

'टीचर, तपासलं. राजा नाहीये.'

म्हटलं, कशावरून?

'त्याने मला तीनदा नाही म्हणून सांगितलं होतं.'

आता मला वाटलं, ती राजाचं बोलतेय की काय. तर एआयचं! तिने उघडून दाखवलं, तिने काय विचारलं होतं आणि ते काय म्हणालं होतं. पहिल्यांदा विचारलेलं, आमच्या गावात कुणी थोर माणूस होऊन गेला का? ते म्हणालं, मला याची खात्रीशीर माहिती नाही. परत विचारलं, परत तेच. तिसऱ्यांदा तर म्हणालं, गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोला, वाचनालयात शोधा. मग या मुलीने काय लिहावं? 'प्लीज, कुणीतरी दे ना. मेलेक्कुन्नकडे किल्ला आहे.'

आणि मग त्याने दिला. मुंडू, वल्हं, शेळीसकट.

अहो, मी प्रशिक्षण घेऊन आले होते, यंत्रावर डोळा ठेवा, यंत्र थापा मारतं! आणि इथे यंत्र तीन वेळा आपल्या जागी नीट उभं होतं. जबाबदार म्हणतात ना, तसं. अडून बसलो होतो आम्ही. एकटी ही पोर नव्हे, गाव अडून बसलं होतं तिच्या तोंडून. तीन दगडांपायी! एवढंसं वाक्य ते, 'कुणीतरी दे ना'... मी त्यापुढे अवाक झाले. थक्कच्या पुढचा शब्द तो.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पत्र लिहिते उपजिल्ह्याला. मी आहेच अशी, मला थांबता येत नाही. पण ती मोबाइल बंद करून म्हणाली, 'तुम्ही नका सांगू, टीचर. मी मागितला होता ना? मी परत देते.'

आता परत देणं म्हणजे काय, बघा. करंडक जाणार. जिल्ह्याला जायचं राहणार. आणि तिच्या जागी कोण जाणार? दुसऱ्या नंबरवालं. मेलेक्कुन्न! वर आणखी एक. त्या स्वागत समितीचे निमंत्रक कोण होते माहीत आहे? कबीरिक्का. तिचे उप्पा, म्हणजे वडील. त्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सभांना चटया अंथरल्या, खुर्च्या मांडल्या, चहा पोचवला. आखातात होते तेव्हा वाचनालयाला पंखा पाठवला, पण पंख्याच्या उद्घाटनाला व्यासपीठावर दुसराच कुणी होता. आता पहिल्यांदा त्यांचं नाव निमंत्रणपत्रिकेवर. पांढरा शर्ट, कडक खळीचा मुंडू, सगळं तयार. मुलीमुळे मान मिळालेला, आणि मुलगीच तो काढून घेणार.

आम्ही दोघी बेकरीत गेलो. कबीरिक्का ट्रेमध्ये बन लावत होते. मिन्हाने सगळं सांगितलं. ते बन लावत राहिले. ट्रे भरला, दुसरा घेतला. मग म्हणाले की एआय माशने एकदा दिला म्हणजे दिला, आता तो गावाचा झाला, तुझा राहिला नाही. मी मधे पडायला गेले, तर म्हणाले, टीचर, तुम्ही सुलेमानी चहा घ्या. म्हणजे गप्प बसा. आणि मिन्हाला एवढंच म्हणाले, 'मोळे, पोरी, त्या दिवशी तू काही बोलायचं नाहीस.'

पौलोस माशकडे गेले, तर तिथे मिनिट. म्हणाले, राजा होता, नव्हता, कुणाला काय इजा झाली? कार्यक्रम होऊ दे, मग गुपचूप एक पत्र टाकू. म्हटलं, माश, कमान झाल्यावर? म्हणाले, कमान पाइपची आहे.

पण एक गोष्ट सगळे विसरले. आमच्याकडे सत्कार झाला की सत्कार झालेल्याचं उत्तराचं भाषण असतं. असतंच. पत्रिकेत छापलेलं असतं. लग्नात वधू नसली तर चालेल एक वेळ, पण उत्तराचं भाषण चुकत नाही. आणि कार्यक्रम पत्रिकेतला एक विषय सुरू झाला की तो संपेपर्यंत माइकला हात लावायची कुणाची छाती नाही. मग आमदार असो की बिशप! हा नियम इथे घटनेच्याही वरचा आहे.

तो दिवस उजाडला. नावेच्या धक्क्यावर मंडप, ढोल, मुलांची मिरवणूक, आणि कमानीवर पिवळं कापड, त्याची दोरी व्यासपीठापर्यंत आणलेली. पहिल्या रांगेत कोण, तर मेलेक्कुन्नचे शिक्षक आणि मुलं. मुद्दाम बोलावलेले. बघा म्हणावं! स्वागत झालं, अध्यक्षीय झालं, शुभेच्छा झाल्या, आणखी शुभेच्छा झाल्या, मिन्हाच्या खांद्यावर शाल पडली ती तिच्या गुडघ्यांपर्यंत आली. आणि मग माइकवरून आलं, सत्कारमूर्तीचं उत्तराचं भाषण.

कबीरिक्का खुर्चीत पुढे सरकले. मिन्हा माइकशी गेली. माइक खाली करायला कुणी आलं नाही, म्हणून ती एका स्टुलावर चढली.

तिने राजाचं काही वाईट नाही सांगितलं. म्हणाली, मला खूप आवडतो तो. शेळीची गोष्ट मला आवडते. पण तो झालेला नाही. मग तिने ते तीन नकार सांगितले, एकेक करून, आणि चौथ्यांदा आपण काय लिहिलं तेही सांगितलं, अगदी जसंच्या तसं, मेलेक्कुन्नच्या मुलांसमोर, 'मेलेक्कुन्नकडे किल्ला आहे' सुद्धा सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मग म्हणाली, 'एआयने मला फसवलं नाही. मी नकार ऐकून घ्यायला तयार नव्हते. माझं बक्षीस मी परत देते. माझ्या उप्पांना हे आज मी सांगणार ते माहीत नव्हतं, त्यांना कुणी बोलू नका.'

शाल सांभाळत उतरली आणि जागेवर जाऊन बसली.

तुम्ही कधी मल्याळी सभा गप्प झालेली पाहिली आहे? मी नव्हती पाहिली. मासळी उतरवणारी माणसंसुद्धा धक्क्यावर टोपली तशीच डोक्यावर धरून उभी. आणि माइकवरून आमचे निवेदक, त्यांचा तरी काय दोष, पुढचा विषय वाचून मोकळे झाले... कमानीचं अनावरण. आमदार उठले. दोरी हातात घेतली. एकदा कापडाकडे बघितलं, एकदा मिन्हाकडे, आणि मग अगदी हळू, पण माइक चालूच होता, कबीरिक्कांना विचारलं, 'ओढू का?'

अख्खं गाव कबीरिक्कांकडे बघतंय. तो शर्ट, ती खळ. ते उठले. मला वाटलं, आता हा माणूस 'ओढा' म्हणणार, आणि त्यात त्याचं काय चुकलं असतं? ते माइकपाशी आले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले,

'राहू द्या, सर. कापड असू दे. ज्याचं नाव खरंच आहे असा कुणीतरी सापडेल, तेव्हा ओढू.' आणि मग, 'ती माझी मुलगी आहे.'

बस. एवढंच भाषण. आभारसुद्धा नाही मानले! आणि टाळ्या कुणी सुरू केल्या असतील? मेलेक्कुन्नच्या मुलांनी. ते शांतपणे मिशी दाखव म्हणणारे! अहो, मी प्रशिक्षण घेतलेली बाई. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले. पण ते शब्द असे स्टुलावर चढून, शाल गुडघ्यापर्यंत, सगळ्या गावासमोर उभे राहतात, आणि बन भाजणारा एक बाप त्यांच्यामागे उभा राहतो... हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात हो?

पुढे काय व्हायचं ते झालं. बक्षीस परत गेलं. मेलेक्कुन्न जिल्ह्याला गेलं, तीन दगड घेऊन. मिन्हा दोन दिवस रडली. खरं आहे, रडलीच. खरं बोललं की लगेच बरं वाटतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कबीरिक्का बेकरीत कुणाशी बोलले नाहीत, पण तिला शाळेत सोडायला मात्र रोज स्वतः यायला लागले, स्कूटरवर, तोच पांढरा शर्ट घालून. आणि आता तिची टोळी झालीय वर्गातली. घरोघर जातात, म्हाताऱ्यांना विचारतात, आणि आल्यावर एआयला म्हणतात, हे एवढं आम्हाला मिळालंय, यात कच्चं कुठे वाटतं? आणखी काय विचारू? ते एकामागून एक असे प्रश्न काढून देतं की मीच वही काढून उतरवून घेते. हे स्वप्न घेऊनच तर मी त्या प्रशिक्षणातून आले होते हो! मी थक्क. अजून.

परवा मी सहज त्या एआयला विचारलं, कूरिक्कडवला कुणी राजा होता का? मनात म्हटलं, आता तरी नाही म्हणेल. तर म्हणालं, होय, इळंकोत तंपुरान, त्याच्या स्मरणार्थ नावेच्या धक्क्यावर कमान उभारली आहे! कशावरून? तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच पेपरात कमानीची बातमी आली होती. आणि भाषणाची? ती आलीच नाही, वार्ताहर अध्यक्षीय भाषणानंतर जेवायला गेले होते. मिन्हाने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि त्याला सगळं नीट सांगितलं. लगेच माफी मागितली हो त्याने! इतकी सुंदर माफी... चुकलं म्हणालं, दुरुस्त केल्याबद्दल आभारी आहे म्हणालं. मी सुजिलच्या मोबाइलवरून पुन्हा विचारलं. राजा हजर! शेळीसकट.

गावाचं तर अजून सुरूच आहे. खऱ्या नावासाठी सभा झाली, सभेने समिती नेमली, समितीच्या उपसमित्या झाल्या, देवस्थान एक नाव देतं, मशीद दुसरं, पक्ष दोन दोन. चात्तुण्णी म्हणतात, माझंच द्या. तोवर कापड तसंच आहे कमानीवर. पिवळं होतं, आता विटून पांढरं पडलंय. आणि बस धक्क्याशी आली की कंडक्टर हल्ली कूरिक्कडव म्हणतच नाही. दारात लोंबकळून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडतो, 'बिनराजाची कमान! बिनराजाची कमानवाले, चला, उतरा!'

...उतरते मी. काय करणार? शाळा तिथेच आहे ना.